फक्त ड्रायव्हर बदलतो!

आमच्या घरातला कॉम्प्युटर मी दुरुस्त करायला घेईपर्यंत उत्तम चालत असे.

तसा मी मूळ पुण्याचा, हाडाचा इंजिनीअर आणि ऑकलंडमध्ये आयटीतला सीनिअर माणूस. (सीनिअर म्हणजे मीटिंगमध्ये बोलणारा. कॉम्प्युटर उघडून बघणारे वेगळे.) त्यामुळे विंडोज काढून लिनक्स टाकायचा निर्णय मी घरच्यांच्या हितासाठी एकट्यानेच घेतला. आमच्या इराचा, म्हणजे तेरा वर्षांच्या कन्येचा, प्रश्न एकच होता. "बाबा, माय गेम्स विल वर्क, राइट?" तिचे सगळे गेम विंडोजचे! मी म्हणालो, "पळतील!" आणि खरोखर पळाले. तिची लाडकी मोटारींची रेस लिनक्सवर अशी सुसाट धावली, की ही बातमी मी आमच्या पापाटोएटो उपनगरातल्या भाजीवाल्यालाही सांगितली. इराने लगेच मैत्रिणींना वाढदिवसाला रेस खेळायला बोलावलं. "माय डॅड कॅन फिक्स एनीथिंग," असंही सांगून ठेवलं.

वाढदिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा असते आणि आमचं शस्त्र कॉम्प्युटर. शस्त्र लखलखीत हवं म्हणून मी सगळ्या वायरी काढल्या, धूळ पुसली, वायरी परत खोचल्या, हळदकुंकू वाहिलं, माळ घातली. पूजलेलं शस्त्र त्या दिवशी वापरायचं नसतं, म्हणून कॉम्प्युटर सुरूही केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इराने रेस लावली. गाडी निघाली. म्हणजे निघाली असावी. एक चित्र दिसायचं, मग बऱ्याच वेळाने दुसरं.

"बाबा! इट्स अ स्लाइडशो!"

"ग्राफिक्स ड्रायव्हर!" मी रोगनिदान केलं. "चित्रं काढणाऱ्या कार्डाला कामाला लावणारा प्रोग्राम असतो तो. फक्त ड्रायव्हर बदलतो. पाच मिनिटं!"

नवा टाकला. गाडी नाहीशी झाली, नुसता रस्ता उरला. "प्रगती आहे," मी म्हणालो. जुना टाकला. रस्ताही गेला! मग इंटरनेटवरच्या एका अनोळखी सज्जनाची लांबलचक कमांड चालवली, आणि अख्खी स्क्रीन काळी ठिक्कर पडली.

माझी बायको मुग्धा फार्मसिस्ट आहे. ती दारातून म्हणाली, "अरे, औषध लागू पडलं नाही तर आम्ही आधी विचारतो, नीट घेतलं होतं का? लगेच औषध नाही बदलत."

"मुग्धा, हे आयटी आहे!"

तेवढ्यात बेल वाजली. "किया ओरा, अंकल!" असा माओरी नमस्कार करत चार मुली आत आल्या आणि सोफ्यावर बसून काळ्या स्क्रीनकडे बघू लागल्या. इरा माझ्या कानाशी आली. "बाबा, प्लीज. मी सगळ्यांना सांगितलंय." (पोरगी मराठी बोलली म्हणजे परिस्थिती हाताबाहेर गेली!) तिचे डोळे भरले होते. माझी लाज गेली तर गेली, तिची जायला नको होती.

प्लग काढून पुन्हा लावावा म्हणून मी टेबलाखाली शिरलो. बघतो तर ग्राफिक्स कार्डाच्या भोकात वायरच नाही! स्क्रीनची वायर मी पूजेच्या वेळी वरच्या, मदरबोर्डाच्या म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीच्या भोकात खोचली होती. महागडं कार्ड आत आरामात बसलं होतं आणि त्याचा भार एक मामुली चिप वाहत होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

वायर जागेवर लावली, स्क्रीन उजळली, पहिला ड्रायव्हर परत टाकला, आणि गाड्या सुसाट सुटल्या. मुली किंचाळल्या. इराने मला घट्ट मिठी मारली.

"व्हॉट वॉज इट, अंकल?" एकीने विचारलं.

"ड्रायव्हर कॉन्फ्लिक्ट," मी शांतपणे म्हणालो. "व्हेरी डीप."

"स्वीट ॲज!" ती म्हणाली. (म्हणजे इथल्या भाषेत 'एकदम झकास'.)

इराने माझ्या गुडघ्यांवरची धूळ पाहिली, टेबलाखाली पाहिलं आणि ती धूळ हळूच झटकून टाकली. पोरगी गुणी आहे.

त्या मुलींनी घरोघर माझी कीर्ती पोचवली. आता कुणाचाही कॉम्प्युटर अडला की मलाच बोलावणं येतं. मी जातो, गंभीर चेहरा करतो, स्क्रीनवर कमांडची काळी खिडकी उघडून तीत अगम्य काहीतरी टाइप करतो. मग म्हणतो, "जरा चहा टाकता का?" आणि घरची मंडळी आत गेली, की पटकन टेबलाखाली शिरून वायर बघतो!