भरल्या ताटावरून

आमच्या कोरेगावकडे यात्रेचं आमंत्रण देताना कुणी विचार करत नाही. वाणी, कंडक्टर, दवाखान्यातला कंपाउंडर, ज्याच्याशी दोन शब्द बोलणं होईल त्याला शेवटी ‘यात्रेला या बरं का’ म्हणायचंच. त्यामुळे सांगलीच्या ऑफिसात मी रजा मागायला गेले आणि साहेबांनी ‘यात्रा म्हणजे नक्की काय असतं?’ असं विचारलं, तेव्हा सगळं सांगून झाल्यावर मी सवयीने बोलून गेले, ‘तुम्हीही या ना.’

साहेब खरंच यायला निघाले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात दर सोमवारी साहेब सांगायचे की आपण सगळे एक कुटुंब आहोत. त्या कुटुंबाची वर्षातून एक सहल काढायची, असा पुण्याच्या मुख्य ऑफिसचा हुकूम होता. साहेबांनी आमच्या गावची यात्रा हीच सहल ठरवली. आता सहल म्हणजे कामाचाच दिवस, म्हणून माझी रजा नामंजूर झाली. ‘तुला रजेची गरजच नाही, आपण सगळेच येतोय. फक्त लॅपटॉप बरोबर असू दे,’ ते म्हणाले. थोडक्यात, माझ्या स्वतःच्या गावच्या यात्रेला मी ड्यूटीवर जाणार होते.

परदेशातल्या एका दुकानांच्या साखळीचं बिलाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. काम मला आवडायचं, ते खोटं कशाला सांगू. नको झालं होतं ते बाकीचं. साहेबांना ‘सर’ म्हटलेलं चालायचं नाही, नावाने हाक मारायची. नावाने हाक मारायची मोकळीक होती, नाही म्हणायची नव्हती. रविवारी फोन, सणाला फोन. उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर हसत हसत, ‘काल कुणाची तरी झोप छान झाली वाटतं.’ ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं, हसणाऱ्याशी काय भांडणार? कुणी नोकरी सोडून गेलं की त्याचं नाव पुन्हा निघायचं नाही, घरातून पळून गेलेल्या माणसासारखं. माझं पोट कायमचं बिघडलेलं, केस मुठीने गळायचे, आणि फोन नुसता थरथरला तरी छातीत धस्स व्हायचं.

सोडायचं हे मनात पक्कं होतं. अडसर होता तो आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आबा फौजेत होते, सुभेदार होऊन घरी आले. नोकरी मधेच सोडणाऱ्यासाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता, भगोडा. मी घरी गेले की दर खेपेला एक नवीन कारण काढायचे. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘खुर्चीवर बसून काम, डोक्यावर पंखा. कुनी गोळ्या झाडतंय का तुज्यावर? सायेब बोलला तर बोलला. आमी काय कमी ऐकलंय?’ वर चारचौघांत माझ्या कंपनीचं कौतुक असं करायचे, की जणू ती त्यांनीच काढली आहे. त्यांना न विचारता मला राजीनामा देता आला असता, मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. पण आबांनी मला भगोडा म्हटलेलं मला सोसलं नसतं.

आमच्या यात्रेचा पहिला दिवस गोडाचा आणि दुसरा मटणाचा. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, साहेब, ऑफिसातले तिघं आणि मी असे एका गाडीतून रहिमतपूरमार्गे आलो. माझ्याच दारात मी पाव्हण्यांबरोबर उतरले. साहेब आईच्या पाया पडले, चुलीपाशी डोकावून वासाची तारीफ केली, आबांना पलटणीचं विचारलं. आबा विरघळलेच. पाणी द्यायच्या निमित्ताने माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, ‘लय साधा मानूस हाय की गं. तू उगंच त्याला नावं ठिवतीयास.’ संपलं, मला वाटलं. आता माझं कुठलंच कारण या घरात टिकणार नव्हतं.

अंगणात मांडवाखाली पंगत बसली. आमच्यात घरच्या बाया पाव्हणे उठल्यावर जेवतात, पण आबा खुशीत होते. ‘तू बी बस, तुजीच मानसं हायती,’ असं म्हणून त्यांनी माझं ताट साहेबांच्या शेजारी मांडलं. सुकं मटण, रस्सा, भाकरी, कांदा. मी भाकरी कुस्करून रस्सा ओतून घेतला, तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांनी डाव्या हाताने वाचला.

‘अगं, क्लायंटला रिपोर्टवरचं हेडिंग बदलून हवंय. पटकन करून येतेस का?’

‘जेवण झालं की लगेच करते,’ मी म्हणाले.

‘पाच मिनिटांचं तर काम आहे. आपणच असं केलं तर त्यांना काय वाटेल?’ तेच हसू. आणि त्यांनी घास घेतला.

मी उठले. हात धुतला आणि लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेले, कारण नेट तिथेच नीट लागतं. पाच मिनिटांचं काम कधी पाच मिनिटांत झालंय? हेडिंग बदललं, मग त्यांना रंग दुसरा हवा झाला, मग जुनंच बरं होतं असं ठरलं. अंगण मला वरून सगळं दिसत होतं. आमच्याकडे शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय पंगत उठत नाही. ऑफिसातले तिघंही याच भागातले, त्यांना हे सांगावं लागलं नाही. जेवण उरकून ते हात वाळवत माझ्या ताटाकडे बघत बसले होते. आष्ट्याचा जो होता त्याने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. साहेब मात्र पोटभर जेवले, उठले, नळावर चूळ भरली आणि वाजंत्र्यांचे फोटो काढायला देवळाकडे गेले. आबा रश्श्याची बादली घेऊन माझ्या ताटाशी उभे होते. आईने येऊन ताटावर दुसरं ताट झाकलं. मग आबांनीच हात जोडून त्या तिघांना उठायला सांगितलं.

पाव्हण्याला घरात उलटून बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. साहेब परत आले तेव्हा आबांनी त्यांना विडा दिला. निघताना टॉवेल-टोपी केली, घेवड्याची पिशवी गाडीत ठेवली, चौघांनाही ‘सावकाश जावा’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून मी मागे राहिले. गाडी वळणाआड गेली आणि आबा माझ्याकडे वळले.

‘रोज असंच असतंय व्हय?’

‘रोज पुढ्यात ताट नसतं. बाकी असंच.’

ते मांडवाच्या खांबाला टेकले. ‘आमच्या पलटनीत बडाखाना असायचा, समद्यांचं एकत्र जेवान. कर्नल सायेब सोता जवानांच्यात येऊन जेवायचा, वाढायचा बी. शिव्या लय खाल्ल्या आमी. पर भरल्या ताटावरनं कुनी उठीवलं न्हाई.’

मला टोचल्यावाचून राहवलं नाही. ‘गोळीबार झाला तर उठावंच लागत असेल की, आबा.’

‘गोळीबार झाल्यावर सायेब बी उठतोय,’ ते म्हणाले. ‘ह्यो बसून खात हुता. सोड तू ती नोकरी.’

खरं सांगते, मला आधी रागच आला. पोट, केस, झोप, रविवार, कारणं सांगून सांगून मी थकले होते. त्यातलं एकही पटलं नाही, आणि पटलं काय, तर मटण. तसं मी बोलूनही दाखवलं. आबा एवढंच म्हणाले, ‘ते मला दिसत नव्हतं, पोरी. हे दिसलं.’ राग कुठे गेला कळलं नाही. खांद्यावरून उसाची मोळी उतरवल्यावर मान कशी आपोआप सरळ होते, तसं मला वाटलं.

सोमवारी मी राजीनामा दिला. साहेबांना खरोखरच काही कळलं नाही. ‘अगं, यात्रेला तर किती छान वाटलं सगळ्यांना,’ ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. वाईट माणूस होते असं मी आजही म्हणणार नाही. आता मी साताऱ्यात एका लहानशा कंपनीत आहे आणि दिवस मावळायच्या आत घरी येते.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी आईने रस्सा पुन्हा उकळून आणला. आबांचंही जेवण राहिलं होतं, यजमान शेवटी जेवतो. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. पहिला घास तोंडात घातला आणि ओसरीवर ठेवलेला फोन थरथरायला लागला. माझं अंग आपसूक उठू लागलं, एक हात जमिनीला टेकलाही. आबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

‘बस. जेव.’

मी बसले. फोन थांबला, पुन्हा सुरू झाला. ऐकूच येत नसल्यासारखे आबा भाकरी मोडत राहिले. मला रडू फुटलं आणि रडता रडताच कळलं की आपल्याला भूक लागलीय, कितीतरी महिन्यांनी खरी भूक लागलीय. आईला वाटलं, रस्सा तिखट झाला. ती दही आणायला उठत होती. मी नको म्हणून मान हलवली आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.

‘अजून वाढ,’ मी म्हणाले.