दोन वार आणि तीन वार यांच्या मधे

आमच्या वडिलांना ताक हवं असलं की ते मठ्ठा मागत. तेलाला ते गोडं म्हणत. तीन भाकरी खायच्या असल्या तर आधी दोन घेत आणि मग आणखी एक. त या अक्षराशी त्यांचं लहानपणापासून वैर होतं. शब्दाच्या सुरुवातीला त आला की जीभ दातांना चिकटून बसे, मान ताठ होई, डोळे मिटत, डावा हात मांडीवर आपटे, आणि समोरच्याला कुठे बघावं ते कळत नसे. शाळेतल्या पोरांनी त्यांची नक्कल करून करून त्यांना शाळेतून घालवलं होतं.

घरात आणि बाजारात सगळे त्यांना आबा म्हणत. हे आबा धरणगावच्या कापूसबाजारात अडत्या होते, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस व्यापाऱ्याला विकून द्यायचा आणि आपली अडत घ्यायची. बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात. आमचे आबा न बोलता कापूस खपवत, आणि चांगला खपवत.

त्याचं कारण तेव्हाची विक्रीची रीत. भाव तोंडाने बोलायचाच नाही. गाडी उभी राहिली की अडत्या आणि व्यापारी हातात हात देत, वरून उपरणं टाकत आणि खाली बोटं दाबून भाव ठरवत. अख्खं बोट धरलं तर रुपया, पेर दाबलं तर आणे, असा काहीसा हिशेब होता. याला हत्ता म्हणत. एका व्यापाऱ्याने काय देऊ केलं ते दुसऱ्याला दिसत नसे. ज्याचा कापूस तो शेतकरी हातभर अंतरावर उभा राहून उपरणं हलताना बघे. आबांचा हात मात्र या कामात असा चाले की दुसरे अडते एक गाडी उरकेपर्यंत आबांच्या दोन उरकत. उपरण्याखाली ते अडखळत नसत. व्यापारी म्हणत, आबांशी बोलावं तर हातानेच.

या अडतीच्या पैशावर मी मुंबईला कॉलेजात गेलो आणि व्यापारशास्त्र शिकू लागलो. जमाखर्चाच्या दोन बाजू, भांडवल, घसारा, मागणी आणि पुरवठा, सगळं इंग्रजीतून. त्यातला पूर्ण स्पर्धेचा धडा मला फार आवडला. पुष्कळ घेणारे, पुष्कळ विकणारे, आणि भाव सगळ्यांना उघड ठाऊक. असा बाजार असला तर कोणी कोणाला नाडू शकत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी तो धडा डोक्यात घेऊन गावी आलो, आणि इकडे त्याच दिवाळीत बाजारात नवा नियम आला होता. हत्ता बंद. उघडा लिलाव. परवाना ज्याचा, त्यानेच गाडीवर उभं राहून मोठ्याने बोली पुकारायची, आणि एक वार, दोन वार, तीन वार म्हणून सौदा तोडायचा, म्हणजे पक्का करायचा.

मला आनंद झाला. जेवताना मी आबांना तासभर समजावलं की यात शेतकऱ्याचं कसं हित आहे. ते खरंच होतं, आजही मी एक शब्द मागे घेणार नाही. आबांनी सगळं ऐकलं, हात धुतला आणि म्हणाले,

"बोलाले कितला येळ लागस, हाई पुस्तकमा लिखेल शे का?"

ते उठून गेल्यावर आई माझ्यावर कडाडली. "त्यास्ले 'तीन' म्हनता येस का? बठ्ठं शिकी उना, आन् इतलं नही समजनं तुले!"

नाही समजलं, हे खरं. आबांच्या तोंडून ते आकडे निघायचे आहेत, आणि तेही गाडीवर उभं राहून, अख्ख्या बाजारासमोर, हे माझ्या पूर्ण स्पर्धेत कुठे बसत नव्हतं. पारोळ्याच्या मामांनी आधीच निरोप धाडला होता की परवाना परत करा आणि आमच्या दुकानात गल्ल्यावर येऊन बसा. मेव्हण्याच्या गल्ल्यावर बसणं म्हणजे काय ते आबांना ठाऊक होतं.

पाडव्यानंतरच्या पहिल्या बाजाराला ते डोक्याला पागोटं बांधून निघाले. मी मागून गेलो. पहिली गाडी त्यांच्याच ओळखीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची होती. आबा चाकावर पाय देऊन चढले. बोली लागली, चढली, थांबली. आबा म्हणाले, "एक वार." मग म्हणाले, "दोन वार." मग मान ताठ झाली आणि डोळे मिटले.

मी जमिनीकडे बघत होतो. आजूबाजूची कुजबुज थांबली, एक बैल मान हलवून घुंगरं वाजवत राहिला. आणि एवढ्यात जिनवाल्या, म्हणजे सरकी काढण्याचा कारखाना असलेल्या, व्यापाऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने एक आणा चढवला. त्याला वाटलं असावं की आबा मुद्दाम थांबलेत, कोणीतरी वर जाणार आहे. तो चढला म्हणून दुसरा चढला. आबांना पुन्हा एक वारपासून सुरू करावं लागलं, आणि पुन्हा तीनपाशी गाडं अडलं, आणि पुन्हा कोणाचा तरी धीर सुटला. अखेर तीन वार बाहेर पडलं तेव्हा म्हाताऱ्याच्या कापसाला शेजारच्या गाडीहून चांगला भाव मिळाला होता. माल दोन्हीकडे सारखाच होता.

पुढच्या बाजाराला आमच्या अडतीसमोर गाड्यांची रांग लागली. एरंडोलकडचे लोकसुद्धा बैल वळवून आले. आई देवापुढे साखर ठेवून आली. आबांचं तोंड मात्र कडू. लोक त्यांच्या इमानाला भुलून आले नव्हते, त्यांच्या हाताला तर नाहीच. जे दैन्य झाकण्यात त्यांचा जन्म गेला, त्याच्यासाठी गाड्या उभ्या होत्या. तरी ते दर बाजाराला चढत, अडखळत आणि घामाघूम होऊन उतरत.

नाताळच्या सुट्टीत मी पुन्हा आलो आणि बाजारात शिरताच थबकलो. सगळा बाजार तोतरा झाला होता. ज्या गाडीजवळ जावं तिथे अडत्या दोन वार म्हणून मान ताठ करी, डोळे मिटी आणि "त... त... त..." करत राही. कोणी जीभ दातांना लावून दाखवी. एकाने तर आबांसारखा डावा हात मांडीवर आपटण्याचीही नक्कल केली होती. आबांना फायदा होतो, मग आपण का मागे राहावं, एवढाच त्यांचा विचार.

माझं डोकं फिरलं. शाळेतली ती पोरंच पागोटी घालून उभी आहेत असं मला वाटलं, आणि त्यांतल्या जवळच्या एकाची गचांडी धरायला मी निघालो. आबांनी माझं मनगट पकडलं.

"ह्या माले नही चिडाई राह्यनात," ते म्हणाले. "धंदा करी राह्यनात."

त्यांनी हे इतकं सरळ म्हटलं की मी मागे सरलो. ते कान देऊन ऐकत होते. आणि हलकेच, ओठांच्या कोपऱ्यातून, हसत होते. एका अडत्याकडे बोट करून म्हणाले की याला काही अजून जमत नाही.

पुढे जे झालं ते मी कॉलेजात शिकवायला लागल्यावर अनेक वर्षं फळ्यावर मांडलं. एकाला जास्त नफा होताना दिसला की बाकीचे तीच युक्ती धरतात, आणि सगळ्यांनी धरली की युक्तीत काही उरत नाही. जिथे तिथे सगळेच अडते अडखळू लागल्यावर व्यापाऱ्यांनी ओळखलं की हे नाटक आहे. ते खिशात हात घालून निवांत उभे राहू लागले, कोणी एक पैसा चढवीना. वेळ मात्र फुकट जाई, कापूस उन्हात वाळे, शेतकरी करवादत. पंधरवड्यात सगळ्यांची जीभ सुटली. एक वार, दोन वार, तीन वार, खटाखट सौदे तुटू लागले. आमच्यासमोरची रांगही ओसरली आणि नेहमीच्या तेवढ्या गाड्या राहिल्या. परीक्षेतलं उत्तर इथे संपतं, आणि मुलांना पूर्ण गुण मिळतात.

माघात चुलतबहिणीच्या लग्नाला आलो तेव्हा हंगाम सरत आला होता. आबांबरोबर बाजारात गेलो. सगळ्यांचं अडखळणं थांबलं होतं, आबांचं थांबणं शक्य नव्हतं. पहिल्या दिवशीच्याच म्हाताऱ्याची गाडी होती, हंगामातली शेवटची वेचणी, पिवळट, भावाची आशा नसलेली. एक वार झालं. दोन वार झालं. मान ताठ झाली, डोळे मिटले.

बाहेरगावचा एक नवा व्यापारी होता. त्याला घाई होती. "अहो, तीन! तीन म्हणा आणि मोकळे व्हा," असं म्हणत त्याने पुढे सरून स्वतःच सौदा तोडायला हात वर केला. म्हाताऱ्याने गाडीवरून वाकून तो हात खाली केला.

"थांबा भाऊ," तो म्हणाला. "आबा बोली राह्यनात."

व्यापारी मागे सरला. जिनवाला, इतर अडते, हमाल, सगळे उभे राहिले. आता कोणाला कसली शंका नव्हती आणि कसली आशाही नव्हती. भाव एका पैशानेही हलला नाही. पुष्कळ वेळ गेला. मग आबा म्हणाले, "तीन वार."