दुखायची थांबलेली दाढ

पुलगावला आमच्या आळीत बारसं असो की हळदीकुंकू, कामं वाटून द्यायचं माझ्याकडे असे. कोणी भाजी चिरायची, कोणी पानं मांडायची, कोणाच्या घरून सतरंज्या आणायच्या, हे मी आदल्या दिवशी कागदावर काढायची आणि कोणी चुकलं तर तिथल्या तिथे सुनवायची. त्याच शिस्तीत मी स्वतःची दाढही बरी केली, असं मी धरून चालले होते.

खालची, डावीकडची दाढ. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिला कीड लागली आणि तिने एक अख्खा उन्हाळा मला छळलं. मी उपाय लावून घेतले: सकाळी तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या, दुपारी मिठाच्या, झोपताना लवंगेच्या तेलाचा बोळा.

आमचे हे म्हणायचे, “घरात मसाल्यापेक्षा तुह्या दाढेलेच लवंगा जास्त लागून राह्यल्या. वर्ध्याले दाखवून ये ना एकदा.”

“अन् इथलं कोण करन?” मी विचारायची.

पावसाळ्यात दाढ दुखायची थांबली. मी लवंगा बंद केल्या आणि आळीत चारचौघींना माझे उपाय सांगितलेही.

त्यानंतर केव्हातरी मुलीने माझ्याकडून वेणी घालून घेणं सोडलं. “माही मी घालतो,” म्हणाली. मोठी झाली, असं मी समजले. धाकटी जाऊ शेजारीच राहायची. ती बोलताना पदर नाकाशी धरू लागली. ती मला दबून आहे, असा मी त्याचा अर्थ लावला आणि खरं सांगायचं तर ते मला आवडलंही. एका बारशाच्या स्वयंपाकात ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, तुमाले एक सांगू काय? रागावू नोका.”

“आंधी तव्यावरची पोळी पाहाय, जळून राह्यली,” मी म्हटलं. ती पोळीकडे वळली.

पुढे हिरडीवर एक पुळी आली. फुटायची, पुन्हा भरायची. दुखत काहीच नव्हतं, पण तोंडात खारट काहीतरी यायचं, म्हणून मी पॅसेंजर धरून वर्ध्याला गेले. दातांचे डॉक्टर तरुण होते, नागपूरला शिकून आलेले. मी तोंड उघडलं आणि त्यांनी मान किंचित बाजूला वळवली. ती वळण्याची तऱ्हा माझ्या ओळखीची होती. जाऊ तशीच मान वळवायची. मुलगीही.

“दुखते का?”

“नाही. दुखणं मी केव्हाच बरं केलं.”

त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर दाढेचं चित्र काढलं. आत पोकळी, तिच्यातून मुळांपर्यंत उतरलेल्या बारीक नळ्या. “बाई, दाढ बरी झाली नाही. यातली दुखणारी नस मेली. मेलेलं आतच सडलं, मुळांच्या टोकाशी पू झाला, तो हिरडीतून वाट काढतो आहे. वास येत असेल. घरी कोणी बोललं नाही?”

 मी म्हटलं, “काढून टाका.”

“मुळं घट्ट आहेत. नळ्या साफ करू, भरून टाकू. दाढ राहील. पण खेपा घालाव्या लागतील, मध्येच सोडायचं नाही.”

सुई टोचावी लागली नाही. मेलेल्या दाढेला कळणार काय! यंत्र घरघरलं, थांबलं, आणि आतलं तोंडात उतरलं. तेव्हा तो वास मला स्वतःला पहिल्यांदा आला. ओली सरकी पोत्यात कुजावी तसा. कुंकू लावताना मी ज्या ज्या बायकांच्या तोंडाशी वाकले होते त्यांचे चेहरे एकामागून एक डोळ्यांपुढे आले. सगळ्या श्वास धरून बसलेल्या.

मग दर मंगळवारी वर्धा. केसासारख्या बारीक सुया डॉक्टर चिमटीत फिरवून नळ्यांत उतरवायचे, घाण खरवडून काढायचे, औषधाचा बोळा ठेवून वरून तात्पुरतं बुजवायचे. एकदा दाढेचा एक्स-रे फोटो काढून सुया टोकापर्यंत पोचतात का तेही पाहिलं. पुळी बसली. प्रत्येक खेपेला मी विचारायची, “वास गेला का?”

“मला इथे औषधांचाच वास येतो,” ते म्हणायचे. “घरच्यांना विचारा.”

बाकी सगळं मी सांगितल्याबरहुकूम करत होते. त्या बाजूने चावत नव्हते, खेप चुकवत नव्हते. घरच्यांना हे एवढं एक विचारणं मात्र पुढच्या मंगळवारवर जायचं.

शेवटी नळ्या भरून झाल्या, वर धातूची टोपी बसली. त्या संध्याकाळी मुलगी आरशापुढे केस विंचरत होती. मी दारातूनच विचारलं, “माह्या तोंडाचा वास येते काय वो?”

तिने कंगवा ठेवला, जवळ आली आणि दूध नासलं का बघावं तसं हुंगलं. “आता नाई येत.”

“आंधी येत होता?”

“लय.”

“मंग सांगतलं काऊन नाई मले?”

“काकू सांगाले आली होती ना बारशात. तू आयकलं काय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जावेकडे गेले. एरवी मी तिला हाक मारायची आणि ती यायची. ती तांदूळ निवडत होती. मला बघून सवयीने तिचा पदर वर गेला, मग तिच्याच ते लक्षात आलं आणि तिने तो खाली सोडला.

“बारशाच्या दिवशी तुले काय सांगाचं होतं?” मी विचारलं.

“कई? कोन्या बारशात?” तिने सुपातून मान वर केली नाही. “काई नाई बाई. कामाचंच असन काही.”

मी खाली बसले आणि तिच्या सुपातले खडे वेचू लागले. पुढे काय बोलायचं ते मी घरून ठरवून आणलं नव्हतं. मी तिच्यापासून हातभर लांब बसले होते, तोंड जरा बाजूला करून.