दुपारची थरथर

प्रयोगशाळेत वयाने सगळ्यात लहान तीच. बारीक तारेला टांगलेल्या वजनाची हालचाल टिपणं, हे तिचं काम. गेले काही महिने जेवणाच्या सुट्टीत आलेखावर हलकीशी थरथर उमटत होती आणि तिच्या मार्गदर्शक बाईंना त्यात काहीतरी नवं असल्याची आशा वाटू लागली होती. ती स्वतः मात्र त्या वेळी उपकरणापाशी कधीच नसे. वरच्या मजल्यावर टेबल टेनिस खेळायला पळायची.

एकदा मनगट मुरगळलं म्हणून ती खालीच बसली. ती नाही म्हटल्यावर वर कुणी खेळलंच नाही, आणि आलेखावरची रेघही सरळ राहिली. तिने वर मैत्रिणीला फोन केला, "कुणाला तरी धरून एक डाव खेळ ना." वर धपाधप पाय आपटू लागले आणि खाली रेघ थरथरली.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. मग तिने बाईंना बोलावून सगळं सांगून टाकलं.

बाईंनी आलेख जवळ ओढला. "म्हणजे इतके दिवस आपण तुझ्या उड्या मोजत होतो?"

"हो, बाई."

"मोजल्या मात्र छान," असं म्हणून बाई उतरल्या चेहऱ्यानेच हसल्या.

तिला वाईट वाटत होतंच, पण आतून हलकंही वाटत होतं. छोटंसं का होईना, हे तिने एकटीने शोधलं होतं, आणि ते खरं होतं.

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून टेबल टेनिसचं टेबल खाली, उपकरणापासून दूर आवारात न्यायला घेतलं. ते जिन्यात अडकलं तेव्हा बाई म्हणाल्या, "हे वर गेलं कसं, हा खरा प्रश्न आहे."