सागवानावर पितळी बंपर

माझे थोरले भाऊ एटापल्लीकडून लाकडाचा ट्रक आणायचे. त्यांच्याच सागवानातून मी त्यांच्या ट्रकचं छोटं मॉडेल केलं, पण पितळी बंपर दोनदा निखळला. "भाऊंचं लाकूडच खराब," असं मी बायकोला सांगितलं. खोटं होतं ते. तेलकट सागवानावर झटपट चिकटवणारा गोंद धरत नाही, हे मला ठाऊक होतं, धीर नव्हता. शेवटी पितळ घासलं, लाकूड थिनरनं पुसलं, दोन ट्यूबा मिसळून करायचा इपॉक्सी गोंद लावून रात्रभर ठेवला.

दुसऱ्या दिवशी घरी आलेल्या भाऊंनी मॉडेल नेमकं बंपरला धरूनच उचललं.

"काऊन घाबरून राह्यला बे?" म्हणत त्यांनी ते गदागदा हलवलं. बंपर जागचा हलला नाही!

"लाकूड चांगलंच होतं भाऊ, घाई माझी होती," मी बायकोसमोर म्हणालो. इतक्या ऐटीत चूक कधी कबूल केली नव्हती.