अप्पांच्या हृदयाचा फोटो

एसटीच्या चौकशी खिडकीत वीस वर्षं बसून माझा स्वभाव असा झालाय, की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उत्तर देऊन मोकळी होते. घरीही तेच. म्हणून लातूरच्या डॉक्टरांनी माझ्या वडिलांची अँजिओग्राफी करून तीन रक्तवाहिन्या तुंबल्यात असं सांगितलं, तेव्हा मी लगेच विचारलं, "मग बायपास कधी?" आणि अप्पांना मुरुडहून थेट माझ्याकडे नांदेडला आणलं.

नांदेडच्या सर्जनना मात्र घाई नव्हती. ईकोमध्ये अप्पांच्या हृदयाच्या दोन भिंती जवळजवळ हलतच नव्हत्या. "रक्त कमी पडल्यामुळे त्या निपचित पडल्या असतील, तर बायपासनंतर पुन्हा काम करायला लागतील," ते म्हणाले. "पण मेल्याच असतील, तर छाती उघडून उपयोग नाही, धोका मात्र पुरा. आधी हृदयाचा एमआरआय करू." पुढचे दोन दिवस माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाजी करपली. भोकरला जाणाऱ्या एका माणसाला मी देगलूरच्या गाडीत बसायला सांगितलं. भिंती जिवंत आहेत की मेल्यात, एवढंच डोक्यात फिरत होतं.

एमआरआयच्या दाराशी घोडं अडलं ते अप्पांच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीवर. डबीत इष्टलिंग. आम्हा लिंगायतांच्या अंगावर ते लहानपणापासून असतं. माझं मी लग्नानंतर कधीतरी देवघरात ठेवून दिलं. अप्पांनी आंघोळीलाही कधी काढलं नव्हतं.

"धातू आत चालत नाही, काका," टेक्निशियन बाई म्हणाल्या.

"लोखंड न्हाई, चांदी हाय ती. चुंबक वढत न्हाई तिला." चाळीस वर्षं मुरुडला भांड्यांचं दुकान चालवलेला माणूस, धातूंबद्दल त्यांना कुणी शिकवायची सोय नव्हती.

"ओढत नाही, बरोबर. पण फोटोत नेमका हृदयावरच डाग येतो."

अप्पा दोन पावलं मागे सरकले आणि छातीवर हात धरून उभे राहिले. मागे रांग लागली होती. माझं डोकं सटकलं. "अप्पा, तमाशा करू नका!" म्हणत मी त्यांच्या गळ्यातला दोरा स्वतःच काढला आणि डबी पर्समध्ये टाकली, कंगव्याशेजारी. ते खाली मान घालून आत गेले.

अर्ध्या तासाने बाई बाहेर आल्या. प्रत्येक फोटोला काही सेकंद श्वास रोखून धरावा लागतो आणि अप्पांना ते एकदाही जमलं नव्हतं. छाती धडधडत होती, श्वास सुटत होता, सगळे फोटो फिसकटले होते. त्यावरून काहीच सांगता येणार नव्हतं.

अप्पांचे ओठ सुकले होते. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"लिंग अंगावर न्हाई. पाणी कसं पिऊ?"

मी पर्समधून डबी काढून दिली. देताना त्यांच्याकडे बघवलं नाही. त्यांनी नळावर हात धुतले, डबी उघडून लिंग बाहेर काढलं आणि बाईंना म्हणाले, "पूजेला ह्ये डाव्या तळहातावरच ऱ्हातंय. नुसतं लिंग मुठीत धरलं तर चालंल का?" बाईंनी त्याला चुंबक लावून पाहिलं, डॉक्टरांना विचारलं. दगडच तो. हात छातीपासून लांब, मांडीशी ठेवायचा, एवढीच अट घातली. दोन मिनिटांत प्रश्न मिटला. मी थोडं थांबले असते, तर पहिल्याच वेळी मिटला असता.

या वेळी सगळे फोटो नीट आले. तोवर मला मात्र खुर्चीत बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं.

संध्याकाळी सर्जननी आम्हा दोघांना पडद्यासमोर बसवलं. "यात काळं ते जिवंत, पांढरं ते मेलेलं." समोरची भिंत बहुतेक काळी होती, आतल्या कडेला पांढरी रेघ तेवढी. "ही वाचतेय. बायपासचा फायदा हिला होईल." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग त्यांनी मागची भिंत दाखवली. ती आरपार पांढरी होती. "इथे नवीन रक्तवाहिनी जोडून उपयोग नाही. इथे जुना झटका येऊन गेलाय."

"छे, यांना आधी कधीच काही झालेलं नाही," मी सांगून टाकलं.

"झालतं," अप्पा म्हणाले. "दोन वर्सं झाली. तुझं घर बदललं तवा. मिक्सर घेऊन जिना चढताना दरदरून घाम सुटला, डावा हात जड झाला. दुसऱ्या मजल्यावर टेकलो जरा."

मला आठवलं. तिसऱ्या मजल्यावरून वाकून मी ओरडले होते, टेम्पोवाला खोळंबलाय आणि तुम्ही बसताय काय! आणि ते उठून मिक्सर घेऊन वर आले होते.

"अप्पा, मला सांगायचं तरी!"

"सांगनारच होतो, माय. तू लई घाईत होतीस."

डॉक्टरांना वाटलं, आम्हाला नीट कळलेलं नाही. पेनाचं टोक त्या पांढऱ्या भागावर ठेवून त्यांनी सावकाश पुन्हा समजावलं, की तिथे आता काही करता येणार नाही. मला ते पहिल्याच वेळी कळलं होतं.