तोफखान्यातला हवालदार आणि हॉस्टेलचं वरण

हवालदाराने माझ्या टेबलावर माझ्याच बातमीचे कात्रण ठेवले. म्हणाला, "भाऊ, हे खोडा. याच्यापायी माही नोकरी जाऊन राह्यली."

कात्रण आठ महिन्यांपूर्वीचे होते. सीमेवरची लढाई नुकतीच थांबली होती. डेस्कवरून, म्हणजे मुख्य कार्यालयात बसून आमच्या बातम्यांना मथळे देणाऱ्या मंडळींकडून, आदेश आला होता : प्रत्येक तालुक्यातून एक जवान हवा, संध्याकाळपर्यंत. मी बुलढाण्यातून धाड गावी एका जवानाच्या घरी फोन लावला. त्याचे वडील म्हणाले, "रामदास तोफखान्यात हाये. बॉर्डरवर हाये." मी तेवढेच लिहिले आणि त्यांनी पाठवलेला रामदासचा फोटो जोडला. डेस्कने मथळा दिला : 'धाडच्या वाघाने डागली तोफ'.

रामदास तोफखान्यात होता हे खरे. तिथे तो स्वयंपाकी होता. प्रत्येक पलटणीचा लंगर असतो, म्हणजे स्वयंपाकघर. लढाईतही तो बंद ठेवता येत नाही. रामदासने तो सतरा वर्षे चालवला होता.

आता तो निवृत्त झाला होता. निवृत्त जवानापुढे सहसा दोन रस्ते असतात : बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहणे, किंवा मुलाच्या वयाच्या उमेदवारांबरोबर स्पर्धा परीक्षा देणे. रामदासला तिसरा सापडला होता. बुलढाण्यातल्या एका खासगी कॉलेजला हॉस्टेलसाठी मेस सुपरवायझर हवा होता. पण संस्थेच्या सचिवांनी बातमी जपून ठेवली होती.

"ते म्हन्ते, तोफ चालवनाऱ्या मानसाले मी वरन घोटाले लावू? लोक मले जोडे मारतीन. वरून पंधरा ऑगस्टले प्रमुख पाहुने म्हनून बलावलं."

"तुम्ही खरं सांगितलं नाही?"

"सैपाक्याचं सर्टिफिकेट दाखोलं. म्हन्ते, तुमचा साधेपना हाये."

मी ब्युरो चीफकडे गेलो. खुलासा छापू म्हणालो. खुलासा म्हणजे चुकीची चार ओळींत कबुली. ती आतल्या पानावर, निविदांच्या खाली जाते.

"आपणच वाघ केला, आता आपणच आचारी करायचा?" चीफ म्हणाले. "धाडमध्ये अंक विकायचा आहे ना?"

मी रामदासला नकार कळवला. त्याने कात्रण घडी करून खिशात ठेवले. मग विचारले, "पंधरा ऑगस्टले जेवन किती वाजता हाये?"

त्या दिवशी मी बातमीसाठी हजर होतो. झेंडावंदन झाले. सचिवांनी पाहुण्यांचा परिचय सुरू केला. तोफेपर्यंत पोचले तेव्हा पाहुण्यांची खुर्ची रिकामी असल्याचे त्यांच्या लक्षात आले.

पाहुणे मेसमध्ये सापडले. पदकांचा कोट खिळ्याला टांगला होता. बाह्या वर करून रामदास गंजातले, म्हणजे मोठ्या पातेल्यातले, वरण घोटत होता. मेसचे तिन्ही आचारी ओळीने पुऱ्या लाटत होते.

"अहो हवालदार साहेब, हे काय?" सचिव म्हणाले. "तिकडे भाषण आहे!"

"भाषन तुमी करा साहेब. या आचाऱ्यायचा तेलाचा अंदाज चुकला व्हता. बाराले पंगत बसन."

बाराला पंगत बसली. त्या हॉस्टेलात कोणी वरण दुसऱ्यांदा मागितल्याची आठवण कोणालाच नव्हती. त्या दिवशी मागितले. सचिवांनी तिसऱ्यांदा मागितले. हात धुता धुता म्हणाले, "सोमवारपासून येता का?"

"ऑर्डर लेखी द्या," रामदास म्हणाला. मग माझ्याकडे पाहिले. "छापलेल्यावर आता माहा भरोसा नाही."

मी बातमी पाठवली. पहिल्याच वाक्यात 'स्वयंपाकी' लिहिले. डेस्कने मथळा दिला : 'तोफेनंतर आता कढई'.

धाडला फोन करून रामदासच्या वडिलांची माफी मागितली. ते हसले. "मले त माहीतच व्हतं नं. तुमी इचारलंच नाही काम काय करते म्हनून."

"तुम्ही सांगायचं होतं, आबा."

"सांगतलं असतं त फोटो छापला असता काय?"

नसता छापला. तेव्हापासून मी नाव आणि गावाच्या आधी काम विचारतो.